ऑटो स्विचच्या पुढे: गोल मॉडेलवरून जुळवून घेणारी मल्टी-एजंट सिस्टिम कशी बांधायची

नाशिक जिल्ह्यात कुठल्याही मळ्यात जा, विहिरीवरच्या पेटीत बहुधा एक ऑटो स्विच सापडेल. थ्री-फेज आली की तो मोटर सुरू करतो, मग ती रात्री दोनला आलेली का असेना. शेतकऱ्याची झोपमोड वाचते म्हणून लोक तो बसवतात. वीज येताक्षणी शिवारातल्या सगळ्या मोटरी एकदम उठतात आणि डीपी धापा टाकते, म्हणून तो काढा असंही सतत सांगितलं जातं. मोटर कशासाठी सुरू करायची, हे त्या बिचाऱ्या स्विचला ठाऊक नसतं. काल पाऊस पडून रान चिंब असलं तरी तो आपलं काम करणारच.

दिंडोरी तालुक्यातल्या मामांच्या द्राक्षमळ्यासाठी मी पहिली मल्टी-एजंट सिस्टिम लिहिली (एजंट म्हणजे आपापले निर्णय घेणारे, एकमेकांना निरोप पाठवणारे छोटे प्रोग्राम), ती असाच एक महागडा ऑटो स्विच निघाली. चार प्लॉटचे चार एजंट आणि मोटरीचा एक. प्लॉट कोरडा दिसला की त्याचा एजंट मोटरीकडे पाणी मागायचा. एका रात्री वीजच नव्हती. दुसऱ्या प्लॉटचा एजंट दर अर्ध्या तासाने मागणी करत राहिला, मोटर एजंट इमानेइतबारे त्या मागण्या रांगेत लावत राहिला. पहाटे वीज आली आणि रांगेतल्या सातही मागण्या एकामागून एक पुऱ्या झाल्या. मण्यांत पाणी उतरायच्या दिवसांत एकाच प्लॉटला सातपट पाणी! त्या आठवड्यात किती मणी तडकले ते मामांनी मला मोजून दाखवलं नाही, नुसतं बांधावर उभं करून बघायला लावलं.

कोडमध्ये बग नव्हता, घोळ त्याच्या आधीचा होता. मी थेट एजंटांपासून सुरुवात केली होती, आणि पाणी कशासाठी द्यायचं हे सिस्टिममध्ये कुठेच लिहिलेलं नव्हतं. पुढच्या वेळी गोल मॉडेलपासून, म्हणजे कुणाला काय हवं आणि कशासाठी हे दाखवणाऱ्या चित्रापासून, सुरुवात केली. ते करताना जिथे जिथे अडलो, त्या जागा इथे क्रमाने मांडतो. तुम्ही फायनल इयरच्या प्रोजेक्टसाठी हे करत असाल किंवा अंबड-सातपूरच्या एखाद्या कारखान्यासाठी, पायऱ्या त्याच आहेत.

एक खुलासा. आजकाल एजंट म्हटलं की भाषा-मॉडेलवर चालणारे बॉट डोळ्यापुढे येतात. इथली पद्धत त्यांच्या कितीतरी आधीची आहे, आणि तसे बॉट वापरायचे असतील तरी पहिल्या सहा पायऱ्या टळत नाहीत. दुसरं, मराठीत ‘गोल’ म्हटलं की वर्तुळ आठवतं, म्हणून पुढे ‘ध्येय’ म्हणतो. ‘एजंट’ला मात्र माझ्याकडे पर्याय नाही. मामांनी तो शब्द ऐकून पहिलाच प्रश्न विचारला होता, “कुणाचा एजंट? दलाल मळ्यात घ्यायचा नाही.”

सुरुवातीला काय जवळ हवं

- मोठा कागद, पेन्सिल, खोडरबर. पहिले दोन दिवस लॅपटॉप उघडू नका.
- ज्यांच्यासाठी सिस्टिम आहे त्या माणसांच्या वह्या. माझ्यासाठी फवारणीची वही, थ्री-फेजच्या पाळ्यांचं वेळापत्रक आणि ठिबकच्या व्हॉल्व्हचा नकाशा.
- गेल्या हंगामात काय काय बिघडलं त्याची यादी, घरातल्या माणसांच्या तोंडून ऐकून लिहिलेली. पाचव्या पायरीला हीच यादी लागते.
- चित्र काढायला ‘पायस्टार’. ब्राउझरमध्ये चालतं, पैसे लागत नाहीत. उठण्यापूर्वी मॉडेलची फाइल उतरवून ठेवा.
- कोडसाठी ‘जेसन’ किंवा ‘जेडेक्स’ (दोन्ही जावावर चालतात), पायथॉनच हवं असेल तर ‘स्पेड’.
- खरे सेन्सर आणि मोटर: आत्ता नकोत. आधी सगळं खोट्या मळ्यावर, म्हणजे सिम्युलेशनवर चालवा.

पायरी 1: आधी माणसं मांडा, एजंट नंतर

या पद्धतीचं मूळ टोरांटो विद्यापीठात आहे. एरिक यू यांनी 1995 च्या पीएचडी प्रबंधात ‘आय-स्टार’ मांडणी दिली. कोण कुणावर कशासाठी अवलंबून आहे, हे आधी काढायचं, असा तिचा आग्रह. तिच्यावरून पुढे ‘ट्रोपोस’ ही पूर्ण पद्धत उभी राहिली, तिच्यात इटलीतल्या ट्रेंटोच्या संशोधकांचा मोठा हात होता. ट्रोपोसचे पाच टप्पे आहेत. पहिल्या टप्प्यात तुमची सिस्टिम चित्रात नसतेच. आज, सॉफ्टवेअरशिवाय, काम कसं चालतं एवढंच काढायचं.

माझ्या चित्रात मामा, मामी, सालगडी, औषधाचा सल्ला देणारे सल्लागार आणि माल उचलणारा निर्यातदार होते. प्रत्येक बाणाला तीन गोष्टी लागतात: अवलंबून असणारा, ज्याच्यावर अवलंबून आहे तो, आणि मधली वस्तू. निर्यातदार मामांवर ‘औषधाचा अंश मर्यादेत असलेला माल’ यासाठी अवलंबून. मामा सालगड्यावर ‘वेळेवर व्हॉल्व्ह बदलणं’ यासाठी अवलंबून. मामी कुणावर अवलंबून नाहीत असं मी लिहिलं होतं. त्यांनी कागद बघून सांगितलं की रात्री मोटर सुरू करायला मामा उठले की चहा त्याच करतात. मग ‘रात्रीची झोप’ हे ध्येय चित्रात आलं.

सापळा: मोटर, सेन्सर, हवामानाचं ॲप यांना पात्र बनवू नका. ज्याला स्वतःचं काही हवं असतं तो पात्र. मोटरीला काही नको असतं, ती साधन आहे. मी मोटरीचा एजंट केला होता, तिथेच घसरलो.

शेती नको असेल तर लासलगावचा कांदा लिलाव घ्या: शेतकरी, व्यापारी, बाजार समिती, मापारी, हमाल. नाही तर सिंहस्थाच्या पर्वणीला रामकुंडाकडे जाणारी गर्दी. दोन्हींत परस्परांवर अवलंबून असलेली, पण वेगवेगळं काही हवं असलेली माणसं भरपूर आहेत.

पायरी 2: ‘कशासाठी’ विचारत वर जा, ‘कसं’ विचारत खाली या

आता एका पात्राच्या आत शिरा. मामांना विचारलं, सिस्टिमने काय करावं? ते म्हणाले, “मोटर वेळेवर चालू करावी.” हे ध्येय नाही, हे काम आहे. कशासाठी? पाणी मिळावं म्हणून. पाणी कशासाठी? “वाफसा राहावा म्हणून.” आता आपण जागेवर आलो. रान फार ओलंही नाही, फार कोरडंही नाही, मुळांना हवा आणि पाणी दोन्ही मिळतंय, ही स्थिती एका शब्दात सांगायला मराठीत वाफसा आहे. ध्येय नेहमी असंच लिहा: जगाची एखादी स्थिती. क्रियापद आलं की संशय घ्या.

मग ध्येयाचे तुकडे करा. तुकडे दोन प्रकारचे: ‘आणि’ (सगळे लागतात) व ‘किंवा’ (एक पुरतो). ‘वाफसा राखणं’ यासाठी ओलावा कळणं आणि पाणी देता येणं आणि जास्तीचं पाणी न जाणं, तिन्ही लागतं. ‘पाणी देता येणं’ यासाठी मात्र विहिरीवरची थ्री-फेज मोटर किंवा शेततळ्यावरचा सोलर पंप किंवा आज थांबणं.

शेवटचा पर्याय नीट बघा. उद्या पाऊस असेल आणि रान एक दिवस काढू शकत असेल, तर काही न करणं हाही खराखुरा पर्याय आहे. नवखे तो लिहीतच नाहीत, आणि मग त्यांच्या सिस्टिमला गप्प बसता येत नाही.

पायरी 3: मऊ ध्येयं आणि त्यांची भांडणं

काही ध्येयं पुरी झाली की नाही हे स्पष्ट सांगता येतं. काहींचं तसं नसतं, ती कमी-जास्त पुरी होतात. त्यांना सॉफ्टगोल म्हणतात. 2016 साली आलेल्या आय-स्टारच्या दुसऱ्या आवृत्तीत त्यांना ‘क्वालिटी’, म्हणजे गुणवत्ता, असं नाव आहे. माझी चार होती: मण्यांची प्रत, शेततळं उन्हाळ्यापर्यंत पुरणं, विजेचा खर्च कमी राहणं आणि ती रात्रीची झोप.

प्रत्येक पर्यायाकडून प्रत्येक मऊ ध्येयाकडे रेघ ओढा आणि चारांपैकी एक शिक्का मारा: पुरं करतो, मदत करतो, बाधतो, मोडतो. सोलर पंप झोपेला मदत करतो, तळ्याला बाधतो. रात्रीची मोटर तळं वाचवते, पण उठून सुरू करावी लागली तर झोपेला बाधते. थांबणं तळ्याला मदत करतं, पण मण्यांच्या प्रतीला कधी बाधतं, कधी नाही.

त्या ‘कधी’पाशी मी आठवडाभर अडकलो. ऑक्टोबर छाटणीनंतर फुलोरा, मणी फुगणं, पाणी उतरणं अशा अवस्था येतात आणि दर अवस्थेला पाण्याचं महत्त्व बदलतं. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर तर मणीच नसतात, पुढच्या हंगामाच्या काड्या तयार होत असतात आणि तळं तळाला चाललेलं असतं. म्हणजे मऊ ध्येयांचा क्रम वर्षभर एक राहत नाही. मी तो सूत्रात बसवायचा प्रयत्न केला, फसला. शेवटी मामांना अवस्थेगणिक चार मऊ ध्येयांच्या चार चिठ्ठ्या महत्त्वाच्या क्रमाने लावायला सांगितल्या. अर्ध्या तासात काम झालं. माझं मत असं बनलंय की आकडेमोडीने काढलेल्या वजनांपेक्षा, ज्याचं नुकसान होणार आहे त्याने लावलेला क्रम बरा. चुकला तर निदान कुणाला विचारायचं ते माहीत असतं.

पायरी 4: पर्याय छाटू नका, डोळे राखा

सगळ्या लेखात हीच पायरी महत्त्वाची, म्हणून इथे जरा थांबू.

नेहमीच्या डिझाइनमध्ये तिसरी पायरी झाली की ‘किंवा’च्या फांद्यांतून सर्वांत चांगली निवडतात आणि बाकीच्या टाकून देतात. चित्र सुटसुटीत होतं, कोड लहान होतो. आणि सिस्टिमची जुळवून घेण्याची क्षमता तिथेच मरते. परिस्थिती बदलल्यावर वळायचं कुठे, ती वाटच आपण पुसलेली असते. वरून कितीही ‘इफ-एल्स’ चिकटवा, तो ऑटो स्विचच राहतो.

द्राक्षाची छाटणी ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे लवकर पटेल. काडी छाटतात, पण डोळे मोजून राखतात, कारण पुढचा घड त्यांतूनच फुटायचा असतो. इथेही तसंच. ‘किंवा’च्या फांद्या ठेवायच्या आणि प्रत्येकीला दोन गोष्टी बांधायच्या: ही वाट कधी शक्य आहे (संदर्भाची अट) आणि शक्य असेल तेव्हा ती कुणाचं भलं करते (मागच्या पायरीतले शिक्के). निवड डिझाइनच्या टेबलावर करायची नाही, चालत्या सिस्टिमवर सोपवायची.

याची किंमत मोजावी लागते हेही सांगतो. तीन ठिकाणी तीन-तीन पर्याय ठेवलेत तर 27 जोड्या होतात, आणखी एक ठिकाण वाढवलं की 81. त्या सगळ्या तपासायच्या कुणी? म्हणून माझी कसोटी अशी: फांदी ठेवण्यासाठी, तीच सर्वांत बरी ठरेल असा एक तरी खरा प्रसंग घरच्या माणसाला आठवला पाहिजे. टँकरने पाणी आणणं हा माझा चौथा पर्याय या कसोटीवर गेला. “टँकर ज्या वर्षी लागेल त्या वर्षी तुझ्या कॉम्प्युटरला विचारायला मी बसणार नाही,” मामा म्हणाले.

पायरी 5: ध्येयाची जात, अट आणि अपयश

चित्रातली ध्येयं अजून ‘झोपलेली’ आहेत. ती कधी जागी होतात, कधी पुरी होतात, कधी सोडून द्यायची हे कुठेच लिहिलेलं नाही. माझ्या सात मागण्यांचं मूळ हेच होतं. ट्रोपोसचं जुळवून घेणाऱ्या सिस्टिमसाठी केलेलं विस्तारित रूप, ‘ट्रोपोस-फॉर-एएस’, इथे उपयोगी पडतं. त्यात ध्येयाला जात द्यायची:

- गाठायचं: एकदा स्थिती आली की ध्येय संपलं. ‘तिसऱ्या प्लॉटला आजचं खत पोचलेलं आहे.’
- टिकवायचं: संपत नाही, मोडलं की पुन्हा जागं होतं. ‘वाफसा आहे.’
- करायचं: ठरलेली कृती झाली म्हणजे झालं. ‘फिल्टर धुणं.’

जात चुकली की वागणं चुकतं. वाफसा मी ‘गाठायचं’ म्हणून लिहिलं होतं. दर अर्ध्या तासाने नवं ध्येय जन्माला यायचं, जुनं अजून जिवंत असायचं. ‘टिकवायचं’ म्हटल्यावर ध्येय एकच राहिलं, मोडलेलं किंवा न मोडलेलं.

टिकवायच्या ध्येयातही एक खड्डा आहे. एकच मर्यादा ठेवलीत तर मोटर त्या रेघेभोवती चालू-बंद, चालू-बंद करत बसते. सुरू करायची मर्यादा वेगळी, थांबवायची वेगळी, मधे अंतर. जिथे ‘नेहमी’ असं लिहावंसं वाटेल तिथे ‘शक्य तितकं’ चालेल का हेही विचारा. 2009 साली ‘रिलॅक्स’ नावाची एक भाषा याच कामासाठी मांडली गेली: कुठली गरज ताणली तर चालते आणि कुठली अजिबात नाही, हे गरजेतच लिहायचं. औषधाच्या अंशाची मर्यादा ताणायची नाही. तिथे युरोपला जाणारा माल आहे, अपेडा या केंद्राच्या कृषी-निर्यात संस्थेच्या ‘ग्रेपनेट’वर प्लॉटची नोंद आहे. वाफसा दोन तास उशिरा आला तर चालतं.

मग अपयश. बेल्जियमच्या ॲक्सेल व्हान लॅम्सवीर्द यांच्या ‘काओस’ पद्धतीत अडथळ्यांचा विचार फार नेटका आहे. चित्राच्या प्रत्येक टोकाशी थांबून विचारायचं: हे कशामुळे अडेल? गेल्या हंगामातल्या बिघाडांची यादी आता काढा. माझ्या यादीतला सर्वांत शहाणा बिघाड सेन्सरचा होता. उंदराने वायर कुरतडली होती आणि सेन्सर सहा तास तोच आकडा देत होता. सेन्सर बंद पडला असता तर कळलं असतं, तो शांतपणे खोटं बोलत होता. म्हणून ‘ओलावा कळणं’ या ध्येयाला अपयशाची अट आली: ‘पाणी दिल्यावरही आकडा हलला नाही’. तिच्यामागे नवं ध्येय आलं: ‘शेजारच्या प्लॉटच्या आकड्यावरून अंदाज घेणं आणि माणसाला कळवणं’.

प्रत्येक अपयशाला तीन रकाने पुरतात: काय दिसतं, खरं कारण काय असू शकतं, सावरायला कोणतं ध्येय. दुसरा रकाना रिकामा ठेवून तिसरा भरू नका. दिसणं एकच असतं, कारणं अनेक असतात.

पायरी 6: आता कुठे एजंट

ध्येयं आहेत, जाती आहेत, पर्याय आहेत. आता ती वाटून द्या. प्रत्येक ध्येयाला एक एजंट हा पहिला मोह, सगळं काही करणारा एक एजंट हा दुसरा. मी तीन प्रश्नांवर वाटणी करतो. हे ठरवायला लागणारी माहिती कुणाकडे आहे? दोघांना एकच मर्यादित वस्तू हवी आहे का? हा तुकडा बंद पडला तरी बाकीचे चालले पाहिजेत का?

शेवटी प्लॉटगणिक एक एजंट राहिला, कारण वाफसा त्याचा. पाणी वाटणारा एक, कारण विहीर आणि तळं दोन्ही मर्यादित आणि त्यांना एकच मालक हवा. अंदाज सांगणारा एक. मामांशी बोलणारा एक. मोटर आणि व्हॉल्व्ह साधनं म्हणून बाहेर गेले. जेसनसोबत ‘कार्टागो’ जोडलं की अशा साधनांसाठी वेगळी जागा मिळते, ‘जाकामो’मध्ये ती जोडणी तयारच असते.

चार प्लॉटना एकाच वेळी पाणी हवं असेल तर? ऑटो स्विचची गोष्ट इथे परत येते. प्रत्येक मोटर आपापल्या परीने बरोबर असते, सगळ्या मिळून डीपी बसवतात. यावर रीड स्मिथ यांनी 1980 साली मांडलेला ‘काँट्रॅक्ट नेट’ हा सोपा उपाय आहे. काम असणारा घोषणा करतो, बाकीचे बोली देतात, तो एकाला काम देतो. लासलगावच्या लिलावात बोली चढत जाते, इथे प्रत्येकाची एकच बोली. मी उलटं वापरलं: पाणीवाला ‘दोन तास पाणी आहे’ असं जाहीर करतो, प्लॉट आपली निकड कळवतात.

निरोपांसाठी ‘फिपा’ची शब्दावली वापरा. 1996 साली सुरू झालेल्या या संस्थेने एजंटांचे निरोप प्रमाणित केले. विनंती आली की ‘मान्य’ किंवा ‘नकार’, मान्य केलं की शेवटी ‘झालं’ किंवा ‘फसलं’. माझ्या पहिल्या सिस्टिममध्ये विनंतीला उत्तरच नव्हतं. मागणाऱ्याला काही कळत नव्हतं, म्हणून तो मागत राहिला.

पायरी 7: कोडमध्ये उतरवणं

ध्येयं, समजुती (जगाबद्दल त्याला जे माहीत आहे ते) आणि मनसुबे (हाती घेतलेली कामं) या तिन्हींवर चालणाऱ्या एजंटाला बीडीआय (बिलीफ, डिझायर, इंटेन्शन) म्हणतात. मायकेल ब्रॅटमन या तत्त्वज्ञाच्या 1987 च्या मांडणीतून ही कल्पना आली, राव आणि जॉर्जेफ यांनी तिला संगणकात आणलं. राव यांनी 1996 साली ‘एजंटस्पीक’ ही भाषा दिली, जेसन तीच भाषा चालवतं. आपलं चित्र तिच्यात जवळजवळ सरळ उतरतं: ध्येय म्हणजे घटना, ‘किंवा’ची प्रत्येक फांदी म्हणजे त्याच घटनेसाठी एक वेगळी योजना, फांदीची अट म्हणजे योजनेचा संदर्भ, ‘आणि’चे तुकडे म्हणजे योजनेच्या पोटातली उपध्येयं. समजावं म्हणून मराठीत लिहितो, प्रत्यक्ष फाइलमध्ये नावं रोमन लिपीतच ठेवा (‘+!’पुढे ध्येय, ‘:’पुढे अट, बाणापुढे करायचं ते, ‘-!’ म्हणजे ध्येय फसलं तर; ‘प’ म्हणजे प्लॉट):

+!वाफसा_आण(प) : पाऊस_येणार & तग_धरेल(प) <- !थांब(प).
+!वाफसा_आण(प) : ऊन_आहे & तळ्यात_पाणी <- !तळ्यातून_दे(प).
+!वाफसा_आण(प) : थ्री_फेज <- !विहिरीतून_दे(प).
-!वाफसा_आण(प) <- !नोंद_कर(प); !मामांना_कळव(प).

चार ओळी दिसायला निरागस आहेत. त्यांत तीन सापळे आहेत आणि तिन्हींत मी पडलो.

एक: संदर्भ जुळणाऱ्या अनेक योजना असल्या तर जेसन फाइलमध्ये आधी लिहिलेली घेतं. म्हणजे तुमची मऊ ध्येयं बाजूला राहतात आणि ओळींचा क्रम राज्य करतो. क्रमवारीनुसार निवड हवी असेल तर एजंटच्या जावा क्लासमधली पर्याय निवडण्याची पद्धत स्वतः लिहावी लागते. साधारण 40 ओळी, पण चिठ्ठ्यांचा सगळा उपयोग तिथेच होतो.

दोन: योजना फसली तर जेसन आपणहून दुसरी योजना घेऊन बघत नाही. वजा चिन्हाची शेवटची ओळ धावते, बस. तिथून ध्येय पुन्हा मागितलंत तर संदर्भ बदललेला नसताना तीच फसलेली योजना पुन्हा निवडली जाते, आणि फेरा सुरू. म्हणून फसलेल्या वाटेची समजूत नोंदवा आणि ती योजनेच्या अटीत तपासा. जेडेक्समध्ये पुन्हा प्रयत्न करणं आणि फसलेली योजना वगळणं ही सोय ध्येयातच आहे, ध्येयाच्या जातीही तयार आहेत. पहिल्यांदाच करत असाल तर जेडेक्सने डोकेदुखी कमी होईल. मी जेसनवर राहिलो, कारण मला काय होतंय ते दिसतं.

तीन: तेच ध्येय पुन्हा मागितलं तर जेसन नवा मनसुबा उभा करतं, जुना चालू असला तरी. माझ्या सात मागण्यांचं हे दुसरं रूप. मागण्याआधी ‘डिझायर’ ही अंतर्गत क्रिया वापरून ते ध्येय जिवंत आहे का ते तपासा.

पायरी 8: मुद्दाम बिघडवून बघा

जुळवून घेणाऱ्या सिस्टिमचं चक्र आयबीएमच्या केफार्ट आणि चेस यांनी 2003 साली मांडलं: पाहा, समजून घ्या, बेत करा, अमलात आणा, आणि चौघांच्या मधे ज्ञानाचा साठा. आपलं ध्येयांचं चित्र म्हणजे तो साठा. ते कपाटात ठेवायचा कागद नाही, चालत्या सिस्टिमला वाचता येईल अशा रूपात आत राहिलं पाहिजे.

खोट्या मळ्यावर हे एकेक करून बिघडवा: पाणी देताना मध्येच वीज घालवा, सेन्सर गोठवा, ‘मान्य’चा निरोप हरवा, अंदाजाचा पाऊस पाडूच नका, दोन प्लॉटची निकड तंतोतंत सारखी ठेवा. मग जोड्या करा. माझी सिस्टिम प्रत्येक बिघाड एकेकटा पचवत होती. वीज जाणं आणि निरोप हरवणं एकत्र आल्यावर पाणीवाला आणि प्लॉट दोघेही एकमेकांच्या उत्तराची वाट बघत रात्रभर बसले. वाट बघण्याला मुदत घाला, प्रत्येक ठिकाणी.

लॉगमध्ये ‘काय केलं’ याच्या शेजारी ‘कुठल्या ध्येयासाठी, कुठली वाट सोडून’ हेही लिहा, साध्या मराठीत. ‘04:10. तळ्यातून दिलं नाही, ऊन नाही. विहिरीतून दिलं. झोपेला बाधा नाही, मोटर आपोआप.’ मामा सकाळी चहासोबत हे वाचतात, आणि बहुतेक चुका मला त्यांनीच दाखवल्या.

पायरी 9: माणसाचा हात चित्रात घ्या

सुरुवातीला मी माणसाला सिस्टिमच्या बाहेर ठेवलं होतं. एका दुपारी मामांनी स्वतः मोटर बंद केली, कारण चौथ्या प्लॉटमध्ये लॅटरल (ठिबकची नळी) फुटली होती आणि सालगडी चिखलात उभा राहून ती जोडत होता. पाणीवाल्या एजंटाला एवढंच दिसलं की पाणी बंद पडलं. ध्येय मोडलं, त्याने सावरायला घेतलं, मोटर पुन्हा सुरू. मामांनी बंद केली, त्याने सुरू केली. तीन वेळा. तो बिचारा जुळवूनच घेत होता!

आता पेटीवर तीन ठिकाणांचा स्विच आहे: आपोआप, बंद, हाताने. त्याची स्थिती एजंटांना समजूत म्हणून कळते आणि प्रत्येक योजनेच्या अटीत ती पहिली तपासली जाते. तो ‘हाताने’वर असेल तर पाणी बंद पडणं हे अपयश धरलं जात नाही. फवारणीचं ध्येय तर आम्ही सिस्टिमला दिलंच नाही. डावणी-भुरी या रोगांचा धोका आणि काढणीआधी किती दिवस औषध बंद ठेवायचं याचा हिशेब ती सांगते, पंप मामाच उचलतात. चित्रात त्या ध्येयाचा बाण सिस्टिमकडून माणसाकडे जातो. ट्रोपोसमध्ये तसा बाण काढायला पूर्ण मुभा आहे, आपल्याला तो सुचत नाही इतकंच.

स्विच बसवताना वायरमनने विचारलं, जुना ऑटो स्विच ठेवायचा का? मामांनी तो काढून घेतला आणि कागदात गुंडाळून कपाटात ठेवला. “राहू दे,” म्हणाले, “तुझी माणसं संपावर गेली तर.”